दोन बोटांची गुंडाळी

आमच्या धंद्यात रोज कानावर पडणारं वाक्य एकच. "आम्ही वायरीला हातसुद्धा लावलेला नाही." मी लोकांच्या घरी जाऊन इंटरनेटची फायबर, म्हणजे काचेची वायर, दुरुस्त करते. दार उघडणारा माणूस मला आत घेण्याआधी हे वाक्य म्हणून मोकळा होतो. मग मी आत जाते, आणि वायर पलंगाच्या पायाखाली चिरडलेली, दाराच्या फटीत चेमटलेली नाहीतर खिळ्याला गळफास लावलेली सापडते. मी वायर सोडवते आणि निघते. लोक खोटं बोलत नाहीत हे मला उशिरा कळलं. त्यांनी खरंच हात लावलेला नसतो. त्यांनी फक्त आवरलेलं असतं.

हे सगळं माहीत असलेल्या बाईच्या घरी ती भानगड होणार नाही, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं.

आमच्या घरात चार माणसं. नवरा दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवतो. सासूबाई इस्पितळाच्या ड्रेसिंग विभागातून निवृत्त झाल्या. सासरे बाजारात भाजीचा लिलाव पुकारायचे. बाबा पुकारायला उभे राहिले की टोमॅटोचा ढीग विकून होईपर्यंत श्वास घेत नसत, असं नवरा अभिमानाने सांगतो. बोलण्यावर पोट भरलेला माणूस. त्यांना गेल्या वर्षी झटका आला. पाय सावरला, हात बऱ्यापैकी सावरला, बोलणं मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले, शब्द डोक्यात आहेत, बाहेर येताना वाट चुकतात. घरात कवळ्या करणारा मुलगा आहे, पण त्याचा इथे काही उपयोग नव्हता.

मग वाचोपचाराच्या मॅडम मिळाल्या. त्या दूरच्या इस्पितळात बसतात आणि मंगळवारी नि शुक्रवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर बाबांना शिकवतात. चित्र दाखवायचं, बाबांनी नाव सांगायचं. बाबांना एक शब्द काढायला किती वेळ लागतो ते बघताना आपलेच दात आवळले जातात. पण शब्द यायला लागले होते. 'पाणी' आला. 'दार' आला. एकदा माझ्याकडे बघून 'चावी' म्हणाले आणि मी खरंच चावी विसरून निघाले होते. त्या दिवशी मी खांबावर चढून उगाच हसत होते.

आणि मग कॉल तुटायला लागला.

पूर्ण तुटला असता तर बरं झालं असतं. चेहरा मध्येच थिजायचा, आवाजाचे तुकडे पडायचे. मॅडम म्हणायच्या, "आजोबा, बोला ना," आणि बाबा बोलून गेलेले असायचे. मी आणि नवरा दोघंही त्या वेळी कामावर. संध्याकाळी सासूबाई बातमी द्यायच्या, "आज पुन्हा अडकत होतं."

मी मोडेम बघायची. दिवा हिरवागार. मीटर लावून उजेड मोजायची. ठणठणीत. सिनेमा लावून बघायची, तो गुमान चालायचा. मी सासूबाईंना विचारलं, "आई, वायरीला कुणी हात लावला होता का?"

"छे गं. कोण लावणार?"

फायबरचं दुखणं थोडक्यात सांगते. केसाएवढ्या काचेच्या तारेतून उजेड धावतो, आतल्या भिंतीला तिरका घासत घासत. वळण ऐसपैस असलं तर आपण वळलो हे त्याला कळतही नाही. वळण आवळलं की उजेडाचा काही भाग भिंतीतून बाहेर सांडतो. तार तुटत नाही, वरून काही दिसत नाही, पलीकडे पोचणारा उजेड तेवढा कमी होतो. फार कमी झाला तर सगळं बंद पडतं. ते एक बरं, निदान कळतं तरी. वाईट असतं ते मधलं. दिवा हिरवाच राहतो. सिनेमाचा हरवलेला तुकडा मागून मागवून घेता येतो, त्यामुळे सिनेमाही चालतो. समोरासमोर बोलण्यात मात्र मागवायला वेळच नसतो. हरवलेलं तसंच सोडून पुढचं पाठवलं जातं. तुम्ही-आम्ही बडबडे लोक; चार शब्द गळले तरी पाचव्यावर भागवतो. बाबांकडे एकाच वेळी एकच शब्द असायचा.

आमच्या घरातली फायबर मी स्वतः टाकलेली आहे. पुढेमागे जोड द्यावा लागला तर हाताशी असावी म्हणून जास्तीची तार ठेवतात. तिचं जेवणाच्या ताटाएवढं मोठं वेटोळं करून मी ते बाबांच्या खोलीत कपाटामागच्या भिंतीला अडकवलं होतं. सुंदर काम होतं. ऑफिसात त्याचा फोटो दाखवला होता, कुणी बघितला नाही तो भाग वेगळा. तेव्हा दोष घरात नाही, हे मी गृहीतच धरलं. मी रस्त्यावरच्या पेटीवर घसरले, जिथून आसपासच्या घरांच्या तारा फुटतात.

ऑफिसात आमचा एक सहकारी आहे, त्याला सगळे निवांत म्हणतात. आग लागली तरी तो आधी खुर्ची मागे सरकवेल. तो पडद्यासमोर बसून कुणाच्या घरी किती उजेड पोचतोय ते बघतो. मी त्याला आमच्या घरावर नजर ठेवायला सांगितलं.

आठवड्याने तो म्हणाला, "तुमच्याकडे गंमत आहे. मंगळवारी नि शुक्रवारी सकाळी उजेड धाडकन उतरतो. दुपारनंतर आपोआप चढतो. बाकीचे दिवस काही नाही."

"ऊन," मी म्हणाले. "पेटीवर ऊन येत असेल. जोड तापत असेल."

"ऊन फक्त मंगळवारी नि शुक्रवारी येतं?"

"मग पेटीशेजारी कुणीतरी त्या दिवशी गाडी लावत असेल. हादरे बसत असतील."

त्याने खुर्ची मागे सरकवली. "घरात बघितलंस?"

मला राग आला. ज्या घरातली तार मी स्वतःच्या हाताने टाकली त्याबद्दल हा मला विचारतोय. मी पेटी उघडली, सगळे जोड नव्याने केले, शेजारच्या चार घरांचं इंटरनेट तासभर बंद पाडून त्यांच्या शिव्या खाल्ल्या. पुढच्या मंगळवारी कॉल पुन्हा तुटला.

त्यात बाबांना थंडी वाजायला लागली. म्हणजे सासूबाईंचं तसं म्हणणं होतं. कॉल सुरू झाला की बाबा अस्वस्थ व्हायचे आणि दोन बोटं जोडून हवेत गोल गोल फिरवायचे. काहीतरी गुंडाळल्यासारखं. सासूबाई लगेच ओळखायच्या आणि मफलर आणून त्यांच्या गळ्याला गुंडाळायच्या. बाबा आणखी जोरात बोटं फिरवायचे. मग त्या आणखी एक वेढा द्यायच्या. भर उन्हाळ्यात बाबा मफलर बांधून, घाम गाळत, थिजलेल्या मॅडमसमोर बसलेले असायचे.

एका शुक्रवारी नवरा सुट्टी घेऊन घरी थांबला. संध्याकाळी मी आले तर तो स्वयंपाकघरात नळ सुरू ठेवून नुसता उभा होता.

"बाबा 'कात्री' म्हणाले," तो म्हणाला. "स्वच्छ म्हणाले, मी ऐकलं. तेवढ्यात चित्र अडकलं. परत सुरू झालं तेव्हा मॅडम म्हणत होत्या, हरकत नाही आजोबा, पुढचं बघू."

"मग?"

"मग बाबा पुढच्या चित्राला बोललेच नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही." त्याने नळ बंद केला. "मॅडमनी नंतर मला फोन केला. म्हणाल्या, बरेच दिवस प्रगती दिसत नाही, रांगेत खूप लोक आहेत. मंगळवारी शेवटचं बघतील. तसंच असलं तर बाबांची वेळ दुसऱ्याला देतील. त्या वाईट नाहीत गं. त्यांना जे दिसतंय ते त्या सांगतायत."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. माझा नवरा कधी चिडत नाही. तेव्हाही चिडला नाही. फक्त म्हणाला, "तू सगळ्या गावाचं नेट दुरुस्त करतेस." एवढं बोलून तो बाबांना चहा द्यायला गेला. मला ते फार लागलं.

मंगळवारी मी रजा घेतली. सकाळी उठून बघते तर सासूबाई बाबांच्या खोलीत शिरलेल्या. चादर ताणली, औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या, फडकं घेऊन कपाटाच्या बाजूला वाकल्या. मॅडमना पडद्यावर खोली दिसते, म्हणून कॉलच्या दिवशी त्या घासूनपुसून लख्ख ठेवायच्या. आमच्या घरात एकही गोष्ट मोकळी पडलेली नसते. टॉवेल गुंडाळलेले, मोजे गुंडाळलेले, चार्जरच्या वायरी गुंडाळलेल्या. ड्रेसिंग विभागात त्या नव्या पोरींना बँडेज गुंडाळायला शिकवायच्या. दोन बोटांवर घट्ट वेढे, टोक आत खोचायचं, टेबलावरून खाली टाकलं तरी सुटता कामा नये. त्यांचं हे कसब बघायला दुसऱ्या वॉर्डातून लोक येत, असं त्या सांगतात आणि ते खरंही असेल.

मी बाहेर मीटर शोधत होते. त्या वाकून काय करतायत ते बघितलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. नाही बघितलं.

कॉलला थोडा वेळ होता. तालीम म्हणून नवऱ्याने प्रयोगशाळेतून व्हिडिओ लावला. तो पडद्यावर आला, हातात कुणाची तरी वरची कवळी होती. "बाबा, ऐकू येतंय का?" म्हणाला आणि थिजला. तोंड उघडं, कवळी तोंडासमोर. तसाच राहिला. मग दोन अक्षरं आली, मग परत थिजला.

मोडेमचा दिवा हिरवा. मीटरवरचा आकडा मात्र पार तळाला गेलेला. फोन वाजला. ऑफिसातला निवांत होता.

"या वेळी फारच उतरलाय," तो म्हणाला. "इतका कधी नव्हता."

बाबांनी दोन बोटं वर केली आणि फिरवायला सुरुवात केली.

"थंडी वाजतेय," सासूबाई म्हणाल्या आणि मफलर घेऊन आल्या. बाबांनी तो भिरकावून दिला. आजवर असं कधी केलं नव्हतं. सासूबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. बाबांनी फिरवणारी बोटं कपाटाकडे रोखली, पुन्हा फिरवली, पुन्हा रोखली.

"कपाटातलं हवंय? शाल? शाल देऊ?"

बाबांनी डोळे मिटून घेतले.

माझ्याकडे लाल उजेडाची पेनाएवढी बॅटरी असते. फायबरच्या एका टोकाला लावली की लाल उजेड आत शिरतो, आणि जिथे तो बाहेर सांडतो तिथे तार लाल दिसते. घराबाहेरच्या जिन्यातल्या डब्यातून तार घरात शिरते, तिथला जोड सोडवून मी ती लावली आणि आत आले. दिवाणखान्यातली तार पाहिली. काही नाही. दारावरून पाहिली. काही नाही. बाबांच्या खोलीत आले तर कपाटामागची भिंत लाल झाली होती. कपाटाच्या कडेने उजेड झिरपत होता. बाबा तिकडेच बघत होते. बोट अजून तिथेच होतं.

मी कपाट ओढलं. माझं ताटाएवढं वेटोळं नव्हतं. त्या जागी दोन बोटांवर गुंडाळलेली, अंगठ्याएवढी, सुबक, गच्च गुंडाळी होती. वरून बँडेजची पट्टी, आणि पट्टीला फुलाची गाठ. सगळी गुंडाळी निखाऱ्यासारखी पेटलेली होती.

मी सासूबाईंकडे वळले.

"मी फक्त आवरलं," सासूबाई म्हणाल्या. "ते सारखं सुटून बाहेर येतं. सकाळी नीट करावं तर दुपारपर्यंत पसरतं. आज शेवटचं बघणार म्हणून म्हटलं, बांधूनच टाकावं."

काचेच्या तारेला सरळ व्हायचं असतं. ती दुपारपर्यंत हळूहळू गुंडाळी सोडवत होती आणि संध्याकाळी मी मीटर लावायची तेव्हा सगळं ठणठणीत असायचं. मंगळवार, शुक्रवार. उन्हाचा काही संबंध नव्हता. आणि हा माणूस पलंगावर पडल्या पडल्या हे दर वेळी बघत होता. बायको गुंडाळते, मग मॅडम थिजतात. त्याने ते जोडलं होतं. आम्हाला सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हता म्हणून तो हाताने सांगत होता, आणि आम्ही त्याला मफलर बांधत होतो.

मला रडू येत होतं आणि सगळ्यांचा राग येत होता, त्यात मी पहिली. पण वेळ नव्हता. मी कात्रीने पट्टी कापली आणि तार हलकेच मोकळी केली. लाल उजेड वेढ्यावेढ्याने विझत गेला. तार कुठे तुटलेली नव्हती. मी ऐसपैस वेटोळं करून भिंतीला लावलं आणि जिन्यात जाऊन बॅटरी काढून जोड परत बसवला.

आत आले तेव्हा सासूबाई खाली पडलेला मफलर उचलत होत्या. सवयीने त्यांनी तो दोन बोटांवर घेतला. एक वेढा दिला, थांबल्या, आणि तसाच खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"तुम्ही हे सांगत होतात?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी मान डोलावली.

"इतके दिवस?"

बाबांनी पुन्हा मान डोलावली. सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या. "मेलं माझं आवरणं," एवढंच म्हणाल्या.

मॅडमचा कॉल आला. चेहरा स्वच्छ, आवाज स्वच्छ. त्यांच्या खोलीतल्या पंख्याची घरघरसुद्धा ऐकू येत होती. मी घाईघाईने सांगायला लागले की लाइनमध्ये दोष होता, बाबा बोलत होते पण त्यांचे शब्द तुमच्यापर्यंत पोचत नव्हते. मॅडमनी ऐकून घेतलं. त्यांच्या तोंडावरून कळत होतं की असं सांगणारे नातेवाईक त्यांना रोज भेटतात. मला तो चेहरा ओळखीचा होता. मी लोकांच्या दारात तोच लावते.

"बघूया," त्या म्हणाल्या. "आजोबा, हे काय आहे?"

कप होता. बाबांनी वेळ घेतला आणि 'कप' म्हणाले. कात्री दाखवली, 'कात्री' म्हणाले. कुलूप दाखवलं, ते 'चावी' म्हणाले. छत्रीला त्यांना काहीच सुचलं नाही. शिडीला सुचलं नाही. पेल्याला ते काहीतरी म्हणाले ज्याचा पेल्याशी संबंध नव्हता. मला वाटलं होतं, तार सुटली की बाबांची जीभही सुटेल. तसं काही झालं नाही. चुका आता लाइनच्या नव्हत्या. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

मॅडमनी चित्रं बाजूला ठेवली. "आजोबा, मी थेट विचारते. हे कठीण आहे, आणि दमवणारं आहे. काही लोकांना नकोसं होतं. तुम्हाला पुढे शिकायचंय का?"

बाबा पडद्याकडे बघत राहिले.

वेळ गेला. मी नकळत मोडेमकडे बघितलं. हिरवा. मीटर बघितलं. आकडा उत्तम. पडद्यावर मॅडमच्या पापण्या लवल्या, म्हणजे चित्रही थिजलेलं नव्हतं. लाइन साफ होती. जो वेळ जात होता तो बाबांचा होता.

सासूबाईंना राहवलं नाही. झटका आल्यापासून बाबांची सगळी उत्तरं त्याच देत होत्या. डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, मला. "शिकायचंय तर," त्यांनी सुरुवात केली, "त्यांना खूप..."

बाबांनी त्यांच्या मांडीवर हात ठेवला.

"मी," ते म्हणाले.

बाबांच्या कपाळाची शीर फुगली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मॅडम पुढे वाकल्या.

"सांगतो."

दोन शब्द एकापाठोपाठ आम्ही त्यांच्या तोंडून झटक्यानंतर पहिल्यांदा ऐकले. ते पुढचं शोधायला लागले. शोधत राहिले. डोळ्यांत पाणी आलं पण शब्द येईना. कुणी मदत केली नाही. सासूबाईंनी ओठ इतके आवळले होते की ते पांढरे पडले होते.

"सांगा," मॅडम म्हणाल्या. "आज नाही सापडलं तर शुक्रवारी सांगा. ही वेळ तुमचीच आहे."

बाबांनी मान खाली घातली आणि श्वास सोडला. पडदा बंद झाला. सासूबाई बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत बसल्या, बाबांचा हात अजून त्यांच्या मांडीवर होता.

"अगं," त्यांनी मला हळूच विचारलं, "ते मॅडमना पूर्ण ऐकू गेलं ना?"

"गेलं, आई," मी म्हणाले. "सगळं गेलं."